१८ दिवस घर बंद, २२ कुंड्या आणि मे महिन्यातलं नाशिक: आपोआप पाण्याची सोय कशी करावी?

प्रश्न: आम्ही दोघं इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पश्चिमेची, कुंड्या २२. मोगरा ४, गुलाब ४, जास्वंद २, मिरच्या ३, मनीप्लांट २, पीस लिली २, अडेनियम २, शिवाय तुळस, कडीपत्ता आणि कोरफड. मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी १८ दिवस पुण्याला जायचं आहे. दिवाळीत चार दिवस गावी गेलो तेव्हा बाटली लावायचे मातीचे खुंटे ऑनलाइन मागवून लावले होते. परत आलो तर काही बाटल्या पहिल्या रात्रीतच रिकाम्या झालेल्या दिसल्या, काही तशाच भरलेल्या. आता 'सेल्फ वॉटरिंग' (तळाशी पाण्याची टाकी असलेल्या) कुंड्या घ्याव्यात का? की दुसरं काही चांगलं?

उत्तर:

काका, आधी त्या बाटल्यांचं बघू, कारण तिथे जे बिघडलं तेच बाकी सगळ्या साधनांत बिघडतं.

उलट्या बाटलीतून पाणी बाहेर यायचं तर तेवढीच हवा आत जावी लागते. माती भुसभुशीत असली की हवा सरसर आत शिरते आणि लिटरभर पाणी तास-दोन तासांत खाली. माती चिकट असली, आपल्याकडची काळी, तर तोंडाशी चिखल बसतो आणि बाटली आठवडाभर भरलेली राहते. मातीचा खुंटा मध्ये घातला तरी तो कोरडा रोवला, किंवा त्याच्या भोवती बोटभर पोकळी राहिली, तर पाणी झिरपायला मातीचा स्पर्शच मिळत नाही. म्हणजे एकाच डब्यातले दहा खुंटे तुमच्या दहा कुंड्यांत दहा तऱ्हेने वागले, ते कुंडीतल्या मातीमुळे. पाणी साधन देत नाही, माती ओढून घेते. मी मखमलाबादला रोपवाटिका चालवते, त्याआधी वडिलांबरोबर दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांत ठिबक बसवायचं काम केलं, आणि इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य हेच आहे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. दिवाळीत चार दिवस भागवणं आणि मे महिन्यात अठरा दिवस भागवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडचा १० इंची कुंडीतला मोगरा डिसेंबरात दिवसाला २०० ते २५० मिली पाणी घेतो. तोच मोगरा मे महिन्यात, पश्चिमेच्या उन्हात, ७०० मिली घेतो. १८ दिवसांचे झाले साडेबारा लिटर, एका मोगऱ्याचे. त्यासमोर एक लिटरची बाटली दीड दिवसाची. पॅकेटावर 'दोन आठवडे निश्चिंत' असं छापलेलं असतं ते घरात, सावलीत, छोट्या कुंडीला धरून. आपल्या मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते आणि चारनंतर पश्चिमेचा वारा असा सुटतो की पानं अक्षरशः पाणी पिऊन टाकतात.

म्हणून काही विकत घेण्याआधी कुंड्यांची तहान मोजा. यासाठी टांगता वजनकाटा लागतो. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल काटा मिळतो तो चालेल, रद्दीवाल्याकडे असतो तशा स्प्रिंगच्या काट्यावर फरक नीट वाचता येत नाही. संध्याकाळी कुंडीला तळातून गळेपर्यंत पाणी घाला, तासभर निथळू द्या, सुतळीच्या शिंक्यात बसवून वजन घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा घ्या. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर पाणी गेलं. एवढं सोपं आहे. बावीसच्या बावीस मोजायची गरज नाही. एक मोगरा, एक गुलाब, एक जास्वंद, एक मिरची, एक पीस लिली. लागोपाठ तीन दिवस मोजा म्हणजे एखाद्या ढगाळ दिवसाने फसवणूक होणार नाही. हे मोजमाप मे महिन्याच्या तोंडावर करा, आत्ताचं उन्हाळ्याला लागू पडणार नाही.

मग तहान कमी करा. साधनापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. कठड्यावरच्या, रेलिंगला टांगलेल्या सगळ्या कुंड्या खाली उतरवून आतल्या भिंतीला लावा. एकमेकींना खेटून ठेवा, उंच झाडं बाहेरच्या बाजूला, लहान आत. बाल्कनीला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. कुंडीच्या मातीवर दोन इंच वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी मोगऱ्याची, जास्वंदीची हलकी छाटणी करा, पण खत मात्र देऊ नका. खत दिलं की कोवळी फूट येते आणि कोवळी फूट पाणी मागते. एवढं केल्यावर पुन्हा वजन करून बघा. माझा मोगरा ७०० वरून ४५० ते ५०० वर येतो.

आता माती. यावर जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः मोठा मार खाल्ला आहे.

रोपवाटिका सुरू केली त्या वर्षी मी बारा दुहेरी तळाच्या कुंड्या हाताने तयार केल्या होत्या. खाली पाण्याची टाकी, मध्ये जाळी, जाळीतून खाली उतरणारा मातीचा खांब. बांधणी चोख होती. पण वर भरली वडिलांच्या शेतातली काळी माती आणि शेणखत, कारण द्राक्षाला ती चांगली म्हणून मोगऱ्यालाही चांगली, असं माझं डोकं. एप्रिल-मे मस्त गेले. जूनअखेर पाऊस लागला आणि ऑगस्टपर्यंत बारापैकी नऊ मोगरे पिवळे पडून गेले. वरून माती ओलसर, पानं मात्र पाणी न मिळाल्यासारखी लोंबलेली, म्हणून मी आणखी पाणी घालत होते. शेवटी एक कुंडी उलटी करून गड्डा काढला. खालचा अर्धा भाग निळसर काळा, कुजक्या अंड्यासारखा वास. मुळं बोटात धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत उरला नुसता दोरा. मुळं पाण्यात गुदमरली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची भोकं बुजतात. जमिनीत खाली निचरा असतो, बाजूला पसरायला जागा असते, भेगांतून हवा खेळते. कुंडीत, आणि तीही खाली टाकी असलेल्या कुंडीत, यातलं काहीच नसतं.

तेव्हापासून खालून पाणी घेणाऱ्या कोणत्याही कुंडीत मी काळी माती घालत नाही. निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत, पाव भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). परलाइट महाग वाटलं तर भाताचं जळकं तूस किंवा चाळलेली जाडी वाळू. कोकोपीटचा ठोकळा पाण्यात फुगवल्यावर दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवून पिळून घ्या. समुद्रकाठच्या नारळाचा असतो तो, मीठ धरून असतो. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी घालायची सवय मात्र सोडा. वातीच्या (खालच्या पाण्यातून दोरीने पाणी ओढणाऱ्या) किंवा टाकीच्या कुंडीत तो थर वर चढणारं पाणी अडवतो, आणि साध्या कुंडीतसुद्धा त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी धरून ठेवणारा थर वर सरकतो, मुळांजवळ.

तुमच्या कुंड्यांत आत्ता काय आहे ते बघा. ओल्या मातीची सुपारीएवढी गोळी करा. दाबल्यावर फुटली तर ठीक. बांगडीसारखी वळता आली तर त्या कुंडीला वात किंवा खालची टाकी लावू नका, तिला वरूनच, मोजून पाणी मिळालं पाहिजे. ऐन उन्हाळ्यात सगळ्यांची माती बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका, झाडं धक्का खातील. ते काम पावसाच्या सुरुवातीला.

तुम्ही विचारलेल्या 'सेल्फ वॉटरिंग' कुंड्यांबद्दल. कुंडी वाईट नाही. पण बाजारात मिळणाऱ्या १० इंची कुंडीच्या टाकीत लिटर-दीड लिटर पाणी बसतं, म्हणजे मे महिन्यात दोन-तीन दिवस. रोज पाणी घालायचा त्रास वाचतो, अठरा दिवसांची सोय होत नाही. घेणारच असाल तर दोन गोष्टी दुकानातच तपासा: टाकीच्या वरच्या कडेला जादा पाणी बाहेर पडायला भोक आहे का, आणि पाणी भरल्यावर जाळी आणि पाणी यांच्यात बोटभर हवेची जागा राहते का. भोक नसलेली कुंडी पावसात बादली होते. नोकरीवाल्यांनी, कोथिंबीर-पालक लावणाऱ्यांनी, घरात शोभेची झाडं ठेवणाऱ्यांनी या कुंड्या जरूर घ्याव्यात. तुमच्या आत्ताच्या अडचणीला त्यांवर पैसे घालू नका. पाणी भरून मातीत खोचायचे काचेचे रंगीत गोळे आणि पाणी धरणारे जेलचे दाणे यांच्यावरही नको.

माझा भरवसा वातीवर आहे.

देवघरातल्या निरांजनात वात तेल ओढते, तसंच हे. दोरीतल्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं आणि माती सुकेल तसं ते ओढून घेते. माती ओली असली की ओढ कमी, वाळली की जास्त. झाड स्वतः ठरवतं. पण दोरी कोणती, हे महत्त्वाचं. सुती दोरी किंवा जुन्या साडीची पट्टी पाणी झकास ओढते, पण सतत ओलीत राहून महिना-दीड महिन्यात कुजते. अठरा दिवसांना चालेल, कायमची नको. कायमची हवी तर नायलॉनची किंवा पॉलिस्टरची विणलेली, बोटाच्या निम्म्या जाडीची मऊ दोरी घ्या. गुळगुळीत, चकचकीत, कपडे वाळत घालायची दोरी नको. नव्या दोरीवर तेलकट थर असतो, म्हणून गरम पाण्यात साबण टाकून रात्रभर भिजवा आणि चोळून धुवा. मग परीक्षा घ्या: पेल्यात शाईचं पाणी, दोरीचा कोरडा तुकडा सरळ उभा टांगलेला, टोक पाण्यात. तासाभरात शाई १२ ते १५ सेंटिमीटर चढली तर दोरी कामाची. मी आणलेल्या दोऱ्यांपैकी निम्म्या या परीक्षेत नापास होतात. एकदा तर एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या दोन रिळांपैकी एक चढली आणि दुसरी ढिम्म.

लावलेल्या झाडाला वात घालायची तर कुंडी आडवी करा, पोत्याचं दाभण घ्या, त्याच्या नेढ्यात दोरी ओवा आणि तळाच्या भोकातून वर खुपसा. कुंडीच्या उंचीच्या निम्म्यावर तरी गेली पाहिजे. आतल्या टोकाचे पीळ सोडवून ठेवले तर मातीला जास्त धागे भिडतात. १० इंची कुंडीला मे महिन्यात दोन वाती. आणि हे विसरू नका: वात आधी ओली करून घालायची आणि कुंडीला एकदा वरून भरपूर पाणी द्यायचं. कोरड्या मातीत कोरडी वात काही ओढत नाही, मग 'वातीचा उपयोग नाही' म्हणत लोक माझ्याकडे येतात.

पाण्याची उंची ही वातीची दुसरी अडचण. लोक २० लिटरची बादली घेतात आणि तिच्यावर कुंडी ठेवतात. पहिले तीन-चार दिवस झाड टवटवीत, मग पाणी खाली जातं, वातीला फूटभर चढावं लागतं आणि ओढ मंदावते. बादलीत निम्मं पाणी शिल्लक असताना झाड वाळलेलं मी पाहिलं आहे. म्हणून खोल भांडं नको, पसरट हवं. ६० बाय ४० सेंटिमीटरचा आणि २० सेंटिमीटर खोल असा प्लास्टिकचा टब घ्या. आत चार कोपऱ्यांत विटा उभ्या करा, त्यांवर लोखंडी जाळी किंवा मजबूत फळीच्या पट्ट्या, त्यांवर शेजारी शेजारी दोन मोगरे, वाती खाली पाण्यात टबाच्या तळापर्यंत. अशा टबात ३० लिटर पाणी घातलं तर ते जेमतेम साडेबारा सेंटिमीटर खोल असतं. दोन मोगरे दिवसाला एक लिटर, १८ दिवसांत १८ लिटर. शेवटच्या दिवशीही तळाशी पाच सेंटिमीटर पाणी असेल आणि वातीला फार चढावं लागणार नाही. तुमच्या चार मोगऱ्यांना असे दोन टब. टब भिंतीजवळ ठेवा, कठड्याकडे नको. पाणी धरून एकेकाचं वजन ५० किलोच्या आसपास जातं, आणि बाल्कनीची बाहेरची कड हे वजन ठेवायची जागा नाही. टब फिक्या रंगाचा घ्या किंवा बाहेरून पांढरं कापड गुंडाळा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात पाणी कोमट होतं आणि मुळांना ते सोसत नाही.

टब झाकायचा. हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगते. डेंग्यूचा डास घरात-घराभोवती साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अठरा दिवस बंद घरात उघडा टब म्हणजे शेजाऱ्यांच्या लेकरांना ताप. मच्छरदाणीचं कापड टबावरून घेऊन काठाला दोरीने आवळून बांधा, वातीपुरती भोकं पाडा. परत आल्यावर टब रिकामा करून आतल्या भिंती घासणीने घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात, वाळली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

गुलाबाला मी वात लावत नाही. त्याला तळ सतत ओला आवडत नाही, एकदा पाणी मिळून मग थोडं सुकणं आवडतं. कडीपत्त्याचं आणि तुळशीचंही तसंच. यांना ठिबकच बरं, आणि ठिबकचं सामान मिळण्याच्या बाबतीत आपण नाशिककर भाग्यवान आहोत. द्राक्षांच्या जिवावर इथे दुकानं आहेत, १६ मिलिमीटरची लॅटरल (जाड नळी), ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब (बारीक नळी), ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी), टी (जोड), डमी (बूच), सगळं सुटं मिळतं.

पण शेतातली पद्धत जशीच्या तशी बाल्कनीत आणू नका. नळाला टायमर लावून नळ उघडा ठेवून गावाला जाणं मला पसंत नाही. तुमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीपासून चौथ्या मजल्यापर्यंत तीन मजले जरी धरले तरी दहा मीटरच्या आसपास उंची होते, म्हणजे ठिबकवाल्यांच्या भाषेत एक किलो प्रेशर. उन्हाने कडक झालेली एखादी जोडणी रात्री सुटली तर अठरा दिवस पाहणारं कुणी नाही. शिवाय उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी एखादा दिवस पाणीपुरवठा बंद राहिला तर टायमर बिचारा कोरडाच फिरतो.

त्याऐवजी ६० लिटरचे दोन झाकणाचे ड्रम घ्या, तळाशी नळीने एकमेकांना जोडा आणि त्यात टायमरवर चालणारा छोटा पंप टाका. दहा-पंधरा नळ्या फुटणारे असे संच मिळतात, तुम्हाला तेरा नळ्या लागतील. ४ गुलाब, २ जास्वंद, ३ मिरच्या, तुळस आणि कडीपत्ता, या ११ कुंड्या त्याच्यावर. सावलीत आणल्यावर यांना मिळून दिवसाला पाच लिटरच्या आसपास लागेल, १८ दिवसांचे ९० लिटर. १२० मधले तळाचे काही लिटर पंपाला उचलता येत नाहीत, तरी पुरतं. आकडा तुमच्या वजनकाट्यावर पक्का करा. पंप विजेवरच चालणारा असेल तर घर बंद करताना मेन स्विच बंद करायची सवय आड येईल, तेव्हा बॅटरीचा घ्या आणि सेल नवे घाला.

या संचाचा एक धोका कागदावर कुठे लिहिलेला नसतो. गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाकडे पाण्याचा कॅन स्टुलावर होता आणि कुंड्या खाली फरशीवर. पंप सकाळी दोन मिनिटं चालून बंद झाला, पण नळीतून पाणी वाहत राहिलं, कारण कॅनमधली पातळी नळीच्या टोकापेक्षा वर होती. नळी भरली की मग पंपाची गरजच राहत नाही. ४० लिटर पाणी एका रात्रीत कुंड्यांतून उतरून खालच्या मजल्यावरच्या छताला गेलं. म्हणून ड्रम फरशीवर आणि कुंड्या स्टँडवर किंवा विटांवर. नळ्यांची टोकं ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा नेहमी वर. स्टँडची उंची तेवढी जमत नसेल तर ड्रमच्या आत, पाण्याच्या वरच्या भागात, नळीला सुईने एक भोक पाडा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते.

प्रत्येक नळीतून सारखं पाणी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पंपाजवळच्या नळीतून जास्त, लांबच्या नळीतून कमी. टोकं पेल्यांत धरून एक पाळी चालवा, पेले मोजा, लांबी कमी-जास्त करून जुळवा. जास्वंदीला दोन नळ्या, बाकीच्यांना एक. दिवसाला एकदा भरपूर देण्यापेक्षा पहाटे आणि संध्याकाळी थोडं थोडं द्या. एकदम दिलेलं पाणी वाळलेल्या मातीच्या कडेने घसरून तळातून निघून जातं, आणि ड्रममधलं मोजून ठेवलेलं पाणी वाया.

ठिबक आपल्याला नवं नाही. माझी आजी वैशाखात तुळशीवर गळती बांधायची, महादेवाच्या पिंडीवर असते तशी. तांब्याच्या तळाला बारीक भोक, त्यात दर्भाची काडी, काडी वर-खाली सरकवून थेंब कमी-जास्त करायचे. आजचा ड्रिपर हेच करतो.

मडक्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही नाशकात आहात आणि जुन्या नाशकात कुंभारवाडा आहे, म्हणून सांगते. न रंगवलेलं, न चकाकणारं मातीचं भांडं कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, पणतीने झाकायचं. भांड्याच्या अंगातून पाणी झिरपतं आणि आजूबाजूची माती ओली झाली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमध्ये ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात घड्यांवर भाजीपाला घेण्याचं काम झालं. छोट्या कुंडीला संक्रांतीचं सुगड अगदी बेताचं बसतं. वाण देऊन झाल्यावर सुगडी माळ्यावर पडून राहतात, त्यांतली बिनरंगाची घ्या. पाणी भरून तासा-दोन तासांत बाहेरून ओलसर झालं तर चांगलं, कोरडं राहिलं तर ते जास्त भाजलेलं आहे. माझ्या पुदिन्याच्या ट्रेमधलं एक सुगड मागच्या वर्षी उकरून काढलं, तर त्याच्या पोटाभोवती पांढऱ्या मुळ्यांनी अशी जाळी विणली होती की आतलं भांडं दिसेना. मुळं पाण्याकडे गेली होती, पण पाण्यात बुडाली नव्हती. मला सगळ्या साधनांत हे सगळ्यात आवडतं. मात्र सुगडात पाव लिटरच पाणी मावतं, रोज भरायला घरात कुणीतरी हवं. पुण्याहून परत आलात की तुळशीशेजारी एक नक्की पुरा.

पाणी कुठलं वापरता, यानेही फरक पडतो. महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी झाडांना चांगलं. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते ते बहुधा बोअरचं, आणि आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. खालून पाणी घेणाऱ्या कुंडीत पाणी वर चढून उडून जातं आणि क्षार वर राहतात. मातीवर, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात. वाती कायम ठेवणार असाल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडी वातीवरून उचलून वरून भरपूर पाणी घालायचं, तळातून स्वच्छ निथळेपर्यंत. अठरा दिवसांत याची चिंता नाही, पण टब आणि ड्रम भरताना नळाचं पाणी येईल तो दिवस धरा. मायक्रोट्यूबचं तोंडही जड पाण्याने बुजतं.

उरल्या सात कुंड्या. मनीप्लांट आणि पीस लिली हॉलमध्ये, खिडकीपासून चार-पाच फूट आत आणा. तिथे त्यांना दिवसाला १०० ते १५० मिली पुरतं. प्रत्येकीखाली तीन लिटरचा पसरट डबा, एक वात, डब्यावर झाकण. बंद घर तापतं तेव्हा पडदे ओढून घ्या, पण पूर्ण अंधार नको. अडेनियम आणि कोरफड यांना निघायच्या आदल्या दिवशी एकदा पाणी द्या आणि सावलीत सरकवून ठेवा. त्यांना काहीही लावू नका. अडेनियम अठरा दिवस कोरडा राहिला तर खोड किंचित मऊ पडेल, पाणी मिळालं की पुन्हा भरेल. त्याला वात लावलीत तर परत येईपर्यंत खोड सडलेलं असेल, आणि सडलेलं अडेनियम सहसा वाचत नाही.

हे सगळं निघायच्या निदान आठ दिवस आधी उभं करा आणि तुम्ही घरात असताना चालू द्या. त्या आठ दिवसांत वरून एक थेंबही घालायचा नाही, हात कितीही शिवशिवले तरी. रोज संध्याकाळी टबात आणि ड्रममध्ये पट्टी बुडवून पाणी किती उतरलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन मोगऱ्यांच्या टबात रोज चार मिलिमीटर उतरलं पाहिजे. दोनच उतरलं तर एक वात वाढवा, आठ उतरलं तर एक काढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी एखादं झाड मान टाकेल. संध्याकाळी ते आपोआप उठलं तर सोडून द्या, सकाळीही पडलेलंच असलं तर त्याच्या वातीत किंवा नळीत काहीतरी अडलं आहे. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, पण पाणी घालायला नाही, नवव्या-दहाव्या दिवशी एकदा बघायला: पंप चालतोय का, नळी निसटली नाही ना, मच्छरदाणी जागेवर आहे ना. पाणी घालायला सांगितलंत तर प्रेमाने सगळ्यांना बादलीभर घालतील, अडेनियमलाही.

परत आल्यावर जाळी लगेच सोडू नका. अठरा दिवस सावलीत राहिलेली पानं पश्चिमेच्या उन्हात एका दुपारी भाजतात. आठवडाभर संध्याकाळचं ऊन, मग हळूहळू कठड्याकडे. आणि पाऊस लागला की वाती ओढून काढा, टब कोरडे करून उलटे ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे झाडाला वातीची नाही, निचऱ्याची गरज असते.

मे महिन्याच्या आधी एक मोगरा, एक गुलाब आणि एक जास्वंद यांची तीन दिवसांची वजनं घेऊन, मातीची गोळी कशी वळली तेही लिहून कळवा. मग कुणाला किती वाती आणि पंप किती मिनिटं, हे मी नक्की करून देते.